आयर्लंडबद्दल मी काय काय समजत होतो

आयर्लंडबद्दल माझं मत अगदी पक्कं होतं, आणि ते पक्कं व्हायला मला काही कष्ट पडले नव्हते. शाळेच्या इतिहासात आयर्लंड तीन-चार ठिकाणी यायचं आणि दर वेळी आपल्या बाजूने यायचं. टिळकांनी आणि बेझंटबाईंनी होमरूलची कल्पना तिथून घेतली. भगिनी निवेदिता तिथल्या. डी व्हॅलेरा तिथला शूर पुढारी. एखादे उत्साही मास्तर बटाट्याच्या दुष्काळाचंही सांगायचे: इंग्रजांनी धान्य बाहेर नेलं आणि दहा लाख माणसं उपाशी मारली. संपलं आयर्लंड. पुढे मी स्वतः माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायला लागलो तेव्हा हेच, थोडा मीठमसाला लावून, शिकवलं. एकाच चोराने लुटलेली दोन घरं, असा माझा सोपा हिशोब होता.

पहिली गडबड वेलस्लीने केली. तैनाती फौज, ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. असई आपल्या जालना जिल्ह्यातलं. तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांना हरवणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा डब्लिनचा. तैनाती फौजेचा फास आवळणारा त्याचा थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली, हा मीथ परगण्यात जन्मलेला. मराठ्यांचं राज्य ज्या दोन भावांनी खिळखिळं केलं ते दोघेही आयर्लंडच्या मातीतले, हे मला फार उशिरा, पुस्तक हातात पडलं म्हणून कळलं. माझ्या फळ्यावर ते कायम ‘इंग्रज’ होते.

यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर अगदीच खोटं नव्हे. वेलस्ली हे इंग्लंडहून येऊन आयर्लंडच्या जमिनीवर बसलेल्या प्रॉटेस्टंट उमरावांपैकी. खाली बहुसंख्य कॅथलिक कुळं, वर मूठभर प्रॉटेस्टंट जमीनदार, अशी ती रचना. कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओ'कॉनेल याने वेलिंग्टनच्या आयरिशपणाची जाहीर टिंगल केलेली आहे. तेव्हा मीही वेलस्ली बंधूंचं नाव यादीतून काढलं आणि निश्चिंत झालो. पुढे भाच्याच्या नोकरीमुळे डब्लिनला जाणं झालं. फिनिक्स पार्कमध्ये ६२ मीटर उंचीचा वेलिंग्टनचा दगडी स्तंभ आहे. पायथ्याशी वॉटर्लूला हाती लागलेल्या तोफा वितळवून ओतलेली शिल्पचित्रं आहेत, आणि त्यांतलं एक हिंदुस्थानातल्या लढायांचं आहे. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावरचा नेल्सनचा खांब १९६६ मध्ये स्फोटाने उडवण्यात आला. वेलिंग्टनचा मात्र आजही जागेवर आहे. मुलं त्याच्या पायऱ्यांवरून घसरत असतात.

वेलस्ली उमराव म्हणून सुटले. शिपायांचं काय? १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातल्या दर शंभर शिपायांत चाळीसहून जास्त आयरिश होते. लोकसंख्येत मात्र त्यांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याएवढा. कंपनीच्या बंगाल फौजेत भरती होणाऱ्या गोऱ्या शिपायांतही जवळजवळ निम्मे आयरिश. ही बहुतेक गरीब कॅथलिक घरांतली मुलं. त्यांनाही मी सोडवलं: पोटासाठी गेली बिचारी. आपल्याकडची मुलं नाही का गोऱ्यांच्या पलटणीत गेली?

मग आला मायकेल ओ'ड्वायर. जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, डायरचं शेवटपर्यंत समर्थन करणारा, ज्याला १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी गोळ्या घातल्या तो. हा टिपरेरी परगण्यातला. कॅथलिक. शेतीवाडी असलेल्या मोठ्या कुटुंबातला. ना इंग्लंडहून आलेला उमराव, ना पोटासाठी पलटणीत शिरलेला. आपल्या हुशारीने परीक्षा देऊन तो आयसीएस झाला आणि साम्राज्याचा कट्टर सेवक म्हणून जगला. डायर जन्मला मरीला, पण त्याच्या शिक्षणाची काही वर्षं कॉर्क परगण्यातल्या मिडलटनला गेली. माझ्याजवळची पळवाट इथे संपली.

गंमत म्हणजे त्याच पठडीतला एक माणूस मला आवडूनही गेला. मेयो परगण्यातला कॅथलिक अँटनी मॅकडॉनेल हा वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. १९०० मध्ये त्या प्रांतातल्या कचेऱ्यांत देवनागरी लिपीला जागा देणारा हुकूम त्याने काढला. त्याचा सख्खा भाऊ वेस्टमिन्स्टरमध्ये आयरिश राष्ट्रवादी पक्षाचा खासदार. एक भाऊ साम्राज्य चालवतो, दुसरा साम्राज्याच्या संसदेत आयर्लंडसाठी भांडतो, आणि त्या घराला यात काही विचित्र वाटत नाही. ‘संसदेत’ या शब्दाशी मी थांबलो. १८०१ पासून आयर्लंड कायद्याने ब्रिटनचाच भाग होता आणि शंभरावर आयरिश खासदार लंडनच्या कॉमन्स सभेत बसत. १८८५ च्या निवडणुकीनंतर या राष्ट्रवादी पक्षाचा पुढारी पार्नेल याच्या हाताशी ८६ खासदार होते. त्यांच्या जोरावर त्याने ब्रिटिश मंत्रिमंडळं वरखाली केली. दादाभाईंना एकट्याला एक जागा मिळवताना काय यातायात पडली! आपली आणि त्यांची गुलामगिरी एका मापाची नव्हती. वर्गात मात्र ती मी एकाच तागडीत तोलत होतो.

याच सुमारास कॉनॉट रेंजर्सची गोष्ट नव्याने वाचली. जून १९२० मध्ये जालंधरला या आयरिश पलटणीच्या शिपायांनी शस्त्रं खाली ठेवली, सोलनला तो वणवा पोचला, आणि २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाईच्या तुरुंगात जेम्स डॅली या कोवळ्या पोराला गोळ्या घालण्यात आल्या. मी ही गोष्ट नेहमी ‘आपल्यासाठी आयरिश शिपाई उठले’ अशा सुरात सांगत असे. ते उठले होते घरी, आयर्लंडात, ब्लॅक अँड टॅन्स नावाचे सरकारी भाडोत्री जे अत्याचार करत होते त्यांच्याविरुद्ध. जालियनवाला बागेला जेमतेम सव्वा वर्ष झालेलं, पलटण पंजाबातच, आणि तक्रार टिपरेरी-क्लेअरची. डॅलीचं धैर्य याने कमी होत नाही. पण त्याच्या तोंडी आपलं वाक्य मी घातलं होतं.

इथे मी दुसऱ्या टोकाला गेलो, हेही सांगितलं पाहिजे. आयर्लंडातल्याच अनेक इतिहासकारांनी १९७० नंतर जुनी राष्ट्रवादी मांडणी उसवायला घेतली होती. ती पुस्तकं वाचताना मला एक प्रकारची नशा चढली. दुष्काळाचंच घ्या. इंग्रजांनी मुद्दाम उपाशी मारलं, ही मांडणी सर्वांत जोरात कुणी केली? जॉन मिचेल या जहाल देशभक्ताने. १८४८ मध्ये त्याला काळ्या पाण्यावर धाडलं, तिथून तो अमेरिकेला निसटला. आणि तिथे जाऊन त्याने काय केलं, तर निग्रोंच्या गुलामगिरीचं उघड समर्थन. यादवी युद्धात त्याचे तीन मुलगे दक्षिणेच्या बाजूने लढले, त्यांतले दोन मेले. आयरिश कुळाच्या भुकेने कळवळणारा माणूस काळ्या माणसाच्या बेडीवर खूश. शिवाय आकडे असं सांगत होते की १८४७ मध्ये आयर्लंडातून जेवढं धान्य बाहेर गेलं त्याहून कितीतरी जास्त, मुख्यतः अमेरिकन मका, आत आलं. म्हणजे धान्य नेऊन मारल्याची कथाही कच्ची! काही महिने मी मित्रमंडळींत हे ऐटीत सांगत असे. जुनं मोडण्यातही एक आळस असतो, त्याने मला गाठलं होतं.

त्या टोकावरून मला परत आणलं दुष्काळाच्याच बारीकसारीक तपशिलांनी.

बटाट्यावरची कीड, म्हणजे खरं तर एक बुरशीसारखा रोग, १८४५ च्या शरदात आयर्लंडात पोचला. युरोपभर तो पसरला होता, पण आयर्लंडात तीसेक लाख गरिबांचं पोट जवळपास एका बटाट्यावर होतं. तुकडाभर जमीन खंडाने घ्यायची, तीत बटाटे लावायचे, आणि जमीनदाराच्या शेतात राबून खंड फेडायचा. धान्य पिकायचं, पण ते खंडासाठी, खायला बटाटा. १८४६ मध्ये पीक जवळजवळ संपूर्ण गेलं. आदल्या वर्षी पील सरकारने गुपचूप अमेरिकन मका मागवला होता. आता आलेल्या रसेल सरकारचा बाजारावर भरवसा होता: धान्याचा व्यापार व्यापाऱ्यांनी करावा, सरकारने लोकांना काम द्यावं, लोकांनी मजुरीतून विकत घ्यावं. म्हणून रस्त्यांची कामं निघाली. मार्च १८४७ मध्ये त्या कामांवर सात लाखांहून जास्त माणसं होती.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या भागात रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं मी पाहिलेली आहेत. सुकडीचं वाटपही आठवतं. त्या दुष्काळी कामांनी इथली माणसं जगवली. आयर्लंडातली कामंही दिसायला अशीच. पण मजुरी धान्याच्या भावाच्या खूप मागे, तीही उशिरा हातात पडणारी, आणि तो हिवाळा कडक बर्फाचा. अर्धपोटी माणसं खडी फोडता फोडता मेली. त्यांतले काही रस्ते कुठेच जात नाहीत, माळावर मध्येच संपतात. आजही ते दाखवले जातात. आयातीचा तो आकडा खरा आहे, पण मका पुरेशा प्रमाणात आला १८४७ च्या वसंतात. १८४६ चा हिवाळा तसाच कोरडा गेला, आणि त्या हिवाळ्यात ओट-गहू बंदरातून बाहेर जात होता. मी वार्षिक बेरीज वाचली होती. माणसं महिन्यामहिन्याने मेली होती.

मग सरकारला उपरती झाली. लापशी-सूप फुकट वाटायचं ठरलं, आणि जुलै १८४७ मध्ये रोज तीस लाख लोकांना ते मिळत होतं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. रेल्वे नसल्यासारखीच, अर्ध्या गावांना धड रस्ता नाही, तरी ते राज्य रोज तीस लाख तोंडांपर्यंत पोचू शकलं. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. आणि मग त्याच वर्षी, काही महिन्यांत, ही वाटपकेंद्रं बंद केली. यापुढचा खर्च आयर्लंडच्या जमीनपट्टीवर. सगळ्या दुष्काळात लंडनच्या तिजोरीतून सुमारे ऐंशी लाख पौंड निघाले, त्यातही मोठा भाग कर्जाचा. थोड्याच वर्षांपूर्वी गुलामांच्या मालकांना नुकसानभरपाई म्हणून त्याच तिजोरीने दोन कोटी पौंड दिले होते.

तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्याकडे होत्या तो चार्ल्स ट्रेव्हेल्यन. मेकॉलेचा मेव्हणा, कंपनीच्या नोकरीत दिल्ली-कोलकात्याला तयार झालेला. दुष्काळात त्याला ईश्वरी योजना दिसत होती. याच ट्रेव्हेल्यनला १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर आणि पुढे हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य करून पाठवलं. आणि ज्या कोलकात्यात तो शिकून तयार झाला, त्याच कोलकात्यात १८४६ च्या सुरुवातीला आयरिश दुष्काळासाठी मदत समिती उभी राहिली. तिने सुमारे चौदा हजार पौंड जमवले. आयर्लंडसाठी बाहेर उभ्या राहिलेल्या सगळ्यात आधीच्या निधींपैकी हा एक. देणाऱ्यांत आयरिश शिपाई होते, तसे हिंदी लोकही होते. हे आमच्या पुस्तकात एका ओळीनेही नव्हतं.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती. जून १८४७ च्या कायद्यात एक कलम घातलं गेलं: ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत नाही. पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. अकरावा गुंठा हवा असेल तर उपाशी राहा. खायला हवं असेल तर जमीन सोडा. हजारो कुळांनी जमीन सोडली, आणि जमीनदारांना हवी होती ती जमीन मोकळी झाली. हे कलम सुचवणारा ट्रेव्हेल्यन नव्हता. सुचवणारा होता विल्यम ग्रेगरी, गॉलवेचा जमीनदार, डब्लिनचा खासदार. आयरिश. कॉमन्समध्ये मतदान झालं ११७ विरुद्ध ७. शंभरावर आयरिश खासदार असलेल्या सभेत विरोधी मतं सात! हाच ग्रेगरी पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला, आणि म्हातारपणी त्याने जिच्याशी लग्न केलं ती ऑगस्टा, म्हणजे लेडी ग्रेगरी, आयरिश नाट्यचळवळीची माउली, १९०४ मध्ये ॲबी थिएटर उभं करणाऱ्यांपैकी एक. याच ॲबीने १९१३ मध्ये टागोरांचं ‘डाकघर’ केलं. एका घराचं हे दोन पिढ्यांचं काम म्हणावं, तर ते दोघं नवरा-बायको.

दुष्काळात दहा लाख माणसं मेली आणि आणखी दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसं होती. आजही, दोन्ही आयर्लंड मिळून, तो आकडा पुन्हा गाठलेला नाही. ‘आयरिश मेले’ हे खरंच; पण मेले ते बिनजमिनीचे, पोटकुळं, मजूर, पश्चिमेकडचे आयरिश भाषा बोलणारे. थोडीफार जमीन राखून असलेला कॅथलिक शेतकरी, गावचा दुकानदार-सावकार, हे टिकले. मोकळ्या झालेल्या जमिनीतला वाटा त्यांनाही मिळाला. दुष्काळ पडल्यावर कोण मरतं आणि कोणाचा सातबारा वाढतो, हे आपल्या गावांना वेगळं सांगायला नको. मी मात्र ‘इंग्रज आणि आयरिश’ अशा दोनच रकान्यांत ते मांडत होतो. लंडनच्या सरकारचा गुन्हा माझ्या मते कायम आहे. मिचेल गुलामगिरीचा वकील होता म्हणून ट्रेव्हेल्यन निर्दोष ठरत नाही. फक्त आरोपींच्या पिंजऱ्यात आणखी काही आयरिश माणसं उभी करावी लागतात.

होमरूलचा विषय मी किती वेळा शिकवला असेन. टिळकांची होमरूल लीग २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावला स्थापन झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर, केळकरांनी तर त्याआधीच मराठीत आयर्लंडचा इतिहास लिहिलेला होता. ही तारीख पाठ. पण डब्लिनमध्ये त्या शुक्रवारी काय चाललं होतं हे मी कधी ताडून पाहिलं नव्हतं. सोमवारी, २४ एप्रिलला, बंडखोरांनी तिथलं मोठं पोस्ट ऑफिस ताब्यात घेऊन प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. २८ तारखेला ती इमारत जळत होती आणि बंडखोरांचा पुढारी पॅट्रिक पिअर्स आपली माणसं घेऊन बाहेर पडत होता. दुसऱ्या दिवशी शरणागती. होमरूल म्हणजे राजमुकुटाखाली डब्लिनला मर्यादित अधिकारांची संसद. ती मागणी रेडमंडच्या राष्ट्रवादी पक्षाची, आणि तिचा कायदा १९१४ मध्ये होऊन महायुद्धामुळे स्थगित झालेला. बंडखोरांना हे होमरूल नकोच होतं. १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडात रेडमंडच्या पक्षाला ६ जागा उरल्या, प्रजासत्ताकवादी सिन फेन पक्षाला ७३ मिळाल्या. म्हणजे ज्या आठवड्यात बेळगावला आपण आयर्लंडकडून होमरूल हे नाव घेतलं, त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये होमरूलच्या राजकारणाची अखेर सुरू झाली होती. टिळकांना याचा दोष देता येत नाही. मला मात्र कॅलेंडर उघडायला कुणी अडवलं नव्हतं.

त्या आठवड्याचं बाकीचं चित्रही माझ्या वर्गातल्या चित्रासारखं नाही. बंडखोरांवर चालून गेलेल्या पहिल्या सैनिकांत आयरिश पलटणी होत्या. त्याच वेळी, २७ एप्रिलला, फ्रान्समध्ये हुलुखला जर्मनांनी विषारी वायू सोडला आणि सोळाव्या आयरिश डिव्हिजनचे पाचशेच्या वर शिपाई दोन-तीन दिवसांत मेले. महायुद्धात एकूण दोन लाखांच्या आसपास आयरिश ब्रिटिश गणवेशात होते. डब्लिनमध्ये बंडात ४८५ माणसं मेली, त्यांत निम्म्याहून जास्त साधे नागरिक, आणि चाळीस मुलं. पकडून नेल्या जाणाऱ्या बंडखोरांना डब्लिनच्या बायाबापड्यांनी शिव्या घातल्या, कारण त्यांची पोरं, नवरे फ्रान्सच्या खंदकांत होते. वारं फिरलं ते नंतर, ३ ते १२ मेच्या दरम्यान सरकारने पंधरा जणांना गोळ्या घातल्या तेव्हा. देश आधीच पेटलेला नव्हता; त्याला सरकारने पेटवलं.

आयरिश बंडखोर डॅन ब्रीनचं आत्मचरित्र आपल्याकडच्या क्रांतिकारकांनी चोरून वाचलं, सरकारने त्यावर बंदी घातली. चितगावच्या १९३० च्या हल्ल्यामागे आयर्लंडचा आदर्श होता. ब्रीन प्रसिद्ध झाला तो सोलोहेडबेगच्या हल्ल्याने, २१ जानेवारी १९१९. त्यात मेलेले दोन पोलीस, मॅकडॉनेल आणि ओ'कॉनेल, दोघेही आयरिश, दोघेही कॅथलिक. मॅकडॉनेल तर बायको वारलेला, पदरी मुलं असलेला, मेयोचा माणूस. आयर्लंडचं पोलीसदल बहुतांश असंच, शेतकऱ्यांच्या पोरांचं. स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच गोळीला बळी पडलेल्यांत इंग्रज कुणी नव्हता.

यादवी युद्धाबद्दल थोडक्यात. ब्रिटनशी झालेल्या १९२१ च्या तहावरून देश दुभंगला आणि १९२२-२३ मध्ये कालचे सोबती एकमेकांवर तुटून पडले. नव्या स्वतंत्र आयरिश सरकारने अधिकृत आकड्यानुसार ७७ विरोधकांना गोळ्या घातल्या (अलीकडचे अभ्यासक ८१ म्हणतात). १९२०-२१ मध्ये ब्रिटिशांनी फाशी-गोळीने मारलेले होते २४. त्या ७७ मध्ये रोरी ओ'कॉनर होता. त्याला मारण्याच्या निर्णयात सामील असलेला मंत्री केव्हिन ओ'हिगिन्स. आणि वर्षभरापूर्वी याच ओ'हिगिन्सच्या लग्नात ओ'कॉनर नवरदेवाचा पाठराखा होता. चाफेकर, कान्हेरे यांच्या फाशीचे धडे शिकवताना आयर्लंडच्या या पानाची मला कल्पनाही नव्हती.

स्वातंत्र्य मिळालं की इतिहास संपतो, हीही आमच्या पुस्तकांची सवय. डी व्हॅलेरा जिंकला, पडदा पडला. १९१६ च्या जाहीरनाम्यात आयरिश स्त्री-पुरुषांना बरोबरीने साद घातलेली होती. १९३७ च्या राज्यघटनेने बाईची जागा घरात ठरवली. सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची, हा नियम १९७३ पर्यंत चालला. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना धर्मसंस्थांच्या आश्रमांत डांबलं जाई. ट्यूअम गावच्या कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी, कुठल्या विद्यापीठाची पाठराखण नसताना, तिथल्या आश्रमात १९२५ ते १९६१ या काळात मेलेल्या ७९६ मुलांचे मृत्यूदाखले एकेक करून जमवले. त्यांची दफनं कुठे झाली याची नोंद सापडत नव्हती. २०१७ मध्ये त्या आवारात जमिनीखालच्या कप्प्यांत मुलांचे अवशेष असल्याचं सरकारी आयोगाने जाहीर केलं. अशा अठरा संस्थांत मिळून सुमारे नऊ हजार मुलं मेल्याचं आयोगाने २०२१ मध्ये सांगितलं, आणि पंतप्रधानांनी माफी मागितली. तोवर तिथे इंग्रज राजवट नसल्याला जवळजवळ शंभर वर्षं झाली होती.

आणि आपल्या ओळखीची दोन नावं. सविता हलप्पनवार ही मूळची बेळगावची दंतवैद्य. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं, तरी हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला. २८ ऑक्टोबरला ती जंतुसंसर्गाने गेली. तिचं नाव घेऊन आयरिश बाया रस्त्यावर उतरल्या. २५ मे २०१८ रोजी ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली गर्भपातबंदी काढून टाकण्याच्या बाजूने मत दिलं. त्या वेळी पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचं घराणं मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. वराडकरांच्या नावावर आपल्याकडे पेढे वाटले गेले. सवितासाठी किती जणांनी आयर्लंडची राज्यघटना उघडून पाहिली? मी तरी पाहिली नाही, तेव्हा.

हे ऐकून माझे एक जुने सहकारी चिडले. म्हणाले, “मग आयर्लंडवर अन्याय झालाच नाही, असं म्हणायचंय का सरांना?” झाला. जमीन हिरावली, धर्मावरून हक्क काढून घेतले, दुष्काळात माणसं मरू दिली. आपल्याशी बंधुभाव राखणारे आयरिशही खोटे नव्हते: आल्फ्रेड वेब हा आयरिश खासदार १८९४ च्या मद्रास काँग्रेसचा अध्यक्ष होता, आणि त्यात त्याचा काही फायदा नव्हता. माझं बदललेलं मत एवढंच आहे की अन्याय सोसलेला देश त्यामुळे न्यायी होत नाही. त्याच देशातून ओ'ड्वायर येतो आणि वेबही येतो, आणि दोघांनाही मोजावं लागतं. आयर्लंडला मी आपला आरसा करून ठेवला होता. त्यामुळे आयर्लंडही दिसलं नाही, आणि आपलंही फक्त चांगलंच तोंड दिसलं.

इतिहास शिकवणाऱ्या तरुण मंडळींना एक विनंती. केळकरांनंतरच्या आयर्लंडवर मराठीत कुणीतरी सविस्तर, कागदपत्रं वाचून लिहावं. ३० जून १९२२ ला डब्लिनचं अभिलेखागार स्फोटात जळालं आणि सात शतकांची दफ्तरं गेली. पण त्यांच्या इतरत्र उरलेल्या प्रती जुळवून तयार केलेला मोठा डिजिटल संग्रह २०२२ पासून खुला आहे. १९१३ ते १९२१ च्या लढ्यात भाग घेतलेल्यांच्या १,७७३ जबान्या आयरिश सरकारने नोंदवून ठेवल्या, त्या जाळ्यावर फुकट वाचता येतात. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरचे तक्तेही. त्यासाठी डब्लिनला जावं लागत नाही.